व्हेनिसला एक दिवस पुरेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. लग्नाला तीस वर्षं पूर्ण होताहेत म्हणून सप्टेंबरअखेर तुम्ही दोघंच इटलीला निघालाय. नऊ रात्री आहेत: चार रोमला, पाच फ्लोरेन्सला. त्यातल्या एका दिवशी सकाळच्या रेल्वेने व्हेनिसला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. एवढ्या वेळात काय काय बघून होईल, गोंडोला घ्यावा का, आणि शुद्ध शाकाहारी माणसांचे हाल होतात का, हे तुम्ही विचारलंय. मिस्टरांचे गुडघे दुखतात आणि राहायचंच झालं तर व्हेनिसबाहेरच्या मेस्त्रेतली हॉटेलं बरीच स्वस्त दिसतात, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळं उत्तर या शेवटच्या दोन गोष्टींवरच अवलंबून आहे.

मी एकोणीस वर्षं मराठी गट घेऊन युरोपात फिरले. आता मोठे गट नेत नाही, दोघाचौघांचे प्रवास आखून देते. व्हेनिसला किती वेळा गेले ते मोजलेलं नाही. पण त्यातल्या बहुतेक वेळा मी लोकांना व्हेनिस चुकीच्या वेळी दाखवलं, याची मला आजही रुखरुख वाटते. काय बघायचं याच्या याद्या तुम्हाला शंभर मिळतील. तुमची अडचण वेळेची आहे, आणि ती दिवसांच्या संख्येपेक्षा घड्याळातल्या तासांची जास्त आहे.

हे शहर कसं भरतं आणि कसं रिकामं होतं ते आधी सांगते. मूळ बेटांवरच्या शहरात आता पन्नास हजारांपेक्षाही कमी लोक राहतात. बाकीची गर्दी रोज सकाळी बाहेरून येते. बसने, रेल्वेने, बोटीने आलेली माणसं साधारण दहा वाजता सान मार्को चौकाकडे सरकायला लागतात आणि चार-पाचनंतर परतीच्या वाटेला लागतात. सान मार्को ते रियाल्तो पूल ही सगळ्यांची एकच वाट, आणि ती ठिकठिकाणी आपल्या वाड्यातल्या बोळाएवढी अरुंद. आम्ही गट न्यायचो तो याच वेळात. साडेदहाला बोटीतून उतरायचं, उसाशांच्या पुलासमोर सगळ्यांचे फोटो, मग गोंडोला, मग काचेचा कारखाना, थोडी खरेदी, चारला पुन्हा बोटीत. लोक म्हणायचे, “छान आहे, पण गर्दी फार आणि उकाडा.” त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्यांना तेवढंच दिसलं होतं.

एकदा आमची परतीची बोट काही कारणाने आलीच नाही. रात्री नऊपर्यंत आम्ही सान मार्कोत अडकलो. सुरुवातीला सगळे वैतागले होते. मग हळूहळू चौक रिकामा झाला, दिवे लागले, कॅफेंसमोरच्या वाद्यवृंदांनी वाजवायला सुरुवात केली. खुर्चीवर बसलात तर कॉफीबरोबर संगीताचेही पैसे लागतात, पण उभं राहून ऐकायला कुणी हटकत नाही. आमच्या गटातले एक काका आठ दिवसांत बायकोशी सामानापलीकडे फारसं बोललेले मी पाहिले नव्हते. ते चौकाच्या कडेला काकूंचा हात धरून वीस मिनिटं नुसते उभे होते. बोट आली तेव्हा त्यांना हाक मारायला मला जड गेलं. तुमच्यासारख्यांना मी व्हेनिसमध्ये राहायलाच सांगते, त्याचं कारण ती रात्र आहे.

म्हणून माझा सल्ला असा. दोन रात्री व्हेनिसला, तीन फ्लोरेन्सला, चार रोमला. एकूण नऊच होतात. आणि क्रम उलटा करा. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर जाताना व्हेनिसला उतरा आणि परत येताना रोमहून निघा. मुंबईहून आखातात किंवा युरोपात कुठेतरी विमान बदलून व्हेनिसला पोहोचता येतं. जायचं आणि यायचं शहर वेगळं असलं तरी तिकीट बरेचदा फारसं महाग पडत नाही, उलट रोमहून उत्तरेला आणि पुन्हा रोमला असा हेलपाटा वाचतो. दुसरा फायदा तर मला फार मोठा वाटतो. सप्टेंबरात इटलीचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. पहिल्या दोन सकाळी तुम्हाला पाच-साडेपाचलाच जाग येणार. रोममध्ये ती जाग वाया जाते. व्हेनिसमध्ये मात्र तीच सगळ्यात मोठी सोय ठरते. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला बाहेर पडलात तर सान मार्को चौकात झाडूवाले, एखाददुसरा फोटोग्राफर आणि तुम्ही दोघं, एवढेच असाल.

आता मेस्त्रे. मेस्त्रे हे मुख्य जमिनीवरचं, तुमच्या-आमच्या शहरांसारखं शहर. तिथून रेल्वेने व्हेनिस दहा-बारा मिनिटं. हॉटेल खरंच स्वस्त मिळतं, आणि लहान मुलं, मोठ्या बॅगा, चार दिवसांचा मुक्काम असं असेल तर मीही मेस्त्रे सुचवते. पण तुम्ही तिथे राहिलात की पुन्हा दिवसाच्या गर्दीबरोबर येणार आणि गर्दीबरोबरच जाणार. वाचवलेल्या पैशांत नेमकी तीच रात्र आणि तीच सकाळ हातची जाते. दोन रात्रींचा फरक सोसत असेल तर बेटावरच राहा, आणि पैसे कमी करायचे असतील तर एखादं संग्रहालय गाळून करा.

बेटावर कुठे, हे गुडघ्यांवरून ठरवू. व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. हॉटेल निवडताना ‘सान मार्कोपासून किती लांब’ हे बघू नका. ‘बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत मध्ये किती पूल’ हे हॉटेलला मेल करून सरळ विचारा. मी सहसा कान्नारेज्जो भाग सुचवते. रेल्वे स्थानकाच्या बाजूचा हा भाग बऱ्यापैकी सपाट, कालव्यांच्या कडेचे रस्ते रुंद, संध्याकाळी तिथली माणसं पोरंबाळं घेऊन फिरायला निघतात. विमानतळावरून येणाऱ्या बोटीच्या एका मार्गाचे थांबेही या भागात आहेत, म्हणजे बॅगा घेऊन पूल चढायला लागत नाही. याच भागात १५१६ साली ज्यूंना सक्तीने राहायला लावलेली वस्ती आहे. ‘घेट्टो’ हा शब्द जगभर गेला तो इथूनच. जागा वाढवायची परवानगी नव्हती म्हणून लोकांनी घरांवर मजले चढवले. बुटक्या छतांच्या त्या सहा-सात मजली इमारती अजून उभ्या आहेत. संध्याकाळी तिथल्या चौकातल्या बाकावर बसा. गुडघ्यांनाही विश्रांती मिळेल.

फिरायला वापोरेत्तो, म्हणजे तिथली बोटीची सिटी बस. एका तिकिटाला साडेनऊ युरो पडतात आणि ते ७५ मिनिटं चालतं. ४८ तासांचा पास ३५ युरोंचा आहे, तो घ्या. (दर बदलत राहतात, निघण्याआधी एकदा तपासा. विमानतळाची बोट वेगळी, तिला हा पास चालत नाही.) बोटीत चढण्याआधी प्रत्येक वेळी पास यंत्राला टेकवायचा, नाहीतर पास असूनही दंड होतो. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवरून, म्हणजे शहराच्या मुख्य कालव्यावरून, जाताना कधी या काठाला, कधी त्या काठाला थांबते. गुडघे बोलायला लागले की तिलाच पूल समजा. दोन थांबे बसलात की पायऱ्या न चढता पलीकडे. आणि पहिल्या रात्री जेवण झाल्यावर हीच बोट पियात्साले रोमा या थांब्यावरून पकडा. तिथे ती सुरू होते, म्हणून पुढची किंवा मागची उघड्यावरची जागा मिळते. सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो. दोन्ही काठांवरच्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या हवेल्यांत दिवे लागलेले असतात, खिडक्यांतून रंगवलेली छतं दिसतात. एका तिकिटाच्या पैशांत यापेक्षा सुंदर पाऊण तास मला युरोपात दुसरीकडे सापडलेला नाही.

पहिली सकाळ सान मार्कोला द्या. सातला रिकामा चौक, मग पाण्याच्या कडेने चालत जाऊन नाश्ता. कॉफी काउंटरशी उभं राहून प्यायची. टेबलावर बसलात की त्याच कॉफीचे पैसे दुप्पट-तिप्पट होतात. मग दोजेचा राजवाडा उघडता उघडता आत शिरायचं. तिकीट आधीच काढून ठेवा. दोजे म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाचा निवडून दिलेला प्रमुख. मोठ्या सभागृहात भिंतीच्या वरच्या कडेने दोजेंची चित्रं ओळीने आहेत आणि त्यात एका जागी काळा पडदा रंगवलाय. तो मारिनो फालिएर. सत्ता बळकावायचा कट केला म्हणून १३५५ साली त्याचा शिरच्छेद झाला आणि त्याचा चेहराही पुसला गेला. सभागृह बघून पुढे गेलात की उसाशांच्या पुलाच्या आतून तुरुंगाकडे जाता येतं. बाहेरून फोटो काढणाऱ्यांना तो पूल प्रेमाचा वाटतो. आतून, जाळीतून दिसणारा पाण्याचा तुकडा बघितला की कैद्यांचे उसासे म्हणजे काय ते कळतं.

सान मार्कोच्या बॅसिलिकासाठी, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चसाठी, वेळेचं तिकीट ऑनलाइन घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. आत सोन्याच्या काचतुकड्यांची मोझेइक आठ हजार चौरस मीटरवर पसरलीत. वरच्या सज्जाचा जिना उभा आणि अरुंद आहे. तिथे काँस्टँटिनोपलहून १२०४ साली लुटून आणलेले चार ब्राँझचे घोडे आहेत. बाहेरचे नकली, आतले अस्सल. ते बघायला तुम्ही जा, मिस्टरांना खाली बाकावर बसू द्या. उंचावरून शहर बघायची हौस दोघांनी मिळून भागवायची असेल तर समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर एक थांबा बोटीने जा. तिथल्या घंटाघराला लिफ्ट आहे, रांग क्वचित असते, आणि तिथून सान मार्कोचं अख्खं तोंड दिसतं. चौकातल्या घंटाघरालाही लिफ्ट आहे, पण रांग मोठी. ते घंटाघर १९०२ साली जुलैच्या एका सकाळी संपूर्ण कोसळलं होतं. लोकांनी दहा वर्षांत ते होतं तिथेच, होतं तसंच पुन्हा उभारलं.

इथे थोडं विषयांतर, पण मला ते प्रत्येक मराठी माणसाला सांगावंसं वाटतं. तुमच्या माहेरी किंवा सासरी पुतळ्यांची माळ असेल ना? त्या पुतळीचं मूळ या चौकाजवळ आहे. व्हेनिसने १२८४ पासून सोन्याचं डुकाट पाडलं. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं, आणि त्याची घडण प्रजासत्ताक बुडेपर्यंत, म्हणजे १७९७ पर्यंत, फारशी बदलली नाही. मिरी आणि मसाल्यांच्या बदल्यात ही नाणी इजिप्त, तांबडा समुद्र करत आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला दोजे. आपल्या लोकांना त्यात दोन पुतळ्या दिसल्या आणि नाण्याचं नाव पुतळी पडलं. पुढे आपल्या सोनारांनी तशाच टिकल्या घडवल्या. राजवाड्यासमोर, पाण्याच्या तोंडाशी, दगडी चिऱ्यांची भक्कम इमारत आहे ती जुनी टांकसाळ, ‘झेक्का’. आज तिथे ग्रंथालय आहे. माळ घेऊन जाऊ नका, पण त्या भिंतीला हात लावून या.

दुसरा दिवस दोर्सोदुरो आणि सान पोलो भागात घालवा आणि त्याला वेळापत्रक लावू नका. सकाळी अकादेमिया पुलावरून साल्युते चर्चचा घुमट बघा. १६३० च्या प्लेगमध्ये शहराने नवस केला होता, तो फेडायला हे चर्च बांधलं, आणि आजही दरवर्षी २१ नोव्हेंबरला लोक तिथे मेणबत्त्या लावायला जातात. चित्रांत रस असेल तर स्कुओला ग्रांदे दी सान रोक्को ही एकच जागा निवडा. तिंतोरेत्तो या चित्रकाराने कित्येक वर्षं खपून तिच्या भिंती आणि छतं भरून काढली. छत बघायला तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात, मान दुखत नाही. उरलेल्या वेळात नुसतं चाला आणि हरवा. गल्ली संपून पाणी लागलं तर मागे वळायचं. भिंतींवर ‘पेर रियाल्तो’, ‘पेर सान मार्को’ अशा पिवळ्या पाट्या असतातच.

मुरानो, बुरानो या बेटांना दोन रात्रींत घालू नका. रंगीत घरांचं बुरानो सुंदर आहे, पण जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. तिसरी रात्र काढता आली तर बुरानो आणि शेजारचं तोर्चेल्लो करा. मुरानोत १२९१ पासून काचेच्या भट्ट्या आहेत, आगीच्या भीतीने त्या शहराबाहेर हलवल्या होत्या. तिथे काच फुगवणारा कारागीर बघणं हा आनंदच. पण ‘फुकट बोट, फुकट प्रात्यक्षिक’ अशी हाक आली तर नको म्हणा. मी एका गटाबरोबर अशा ठिकाणी अडकले होते. शेवटच्या दालनातून काही घेतल्याशिवाय बाहेर पडणं आमच्या भिडस्त माणसांना फार अवघड गेलं.

गोंडोला घ्या. मी पूर्वी ‘महाग आहे, सोडा’ म्हणायचे, आता म्हणत नाही. दर शहराने ठरवून दिलाय: दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११० युरो. हा दर बोटीचा आहे, माणशी नाही. बसण्याआधी दर, मिनिटं आणि मार्ग तिन्ही तोंडी पक्कं करा. गाणं हवं तर त्याचे पैसे वेगळे. सान मार्कोच्या धक्क्यावरून बसू नका. तिथे मोठ्या बोटींच्या लाटांत गोंडोला हेलकावतो आणि पुढच्या-मागच्या बोटींची रांग लागलेली असते. आतल्या एखाद्या छोट्या पुलापाशी गोंडोलावाला उभा दिसेल त्याच्याकडे जा, आणि सूर्य उतरता उतरता, साडेपाच-सहाला, बसा. उजेड मिळतो, आणि दरही दिवसाचाच. लहान कालव्यात शिरलात की वल्ह्याशिवाय दुसरा आवाज राहत नाही. सुमारे अकरा मीटर लांब ही नाव एका बाजूला जरा जास्त रुंद बांधतात, कारण माणूस एकाच वल्ह्याने एकाच बाजूने वल्हवतो. नाहीतर ती गोल फिरत राहील. एवढे पैसे जड वाटले तर त्राघेत्तो आहे. ग्रँड कॅनॉल ओलांडणारी ती साधी नाव, दोन युरोंत पलीकडे पोहोचवते. मात्र उभ्याने जायचं नसेल तर आधी सांगा.

शाकाहाराचं म्हणाल तर उपाशी राहणार नाही, पण सावध राहावं लागेल. हे समुद्राकाठचं शहर आहे आणि मासा नको तिथेही असतो. ‘बिगोली इन साल्सा’ नावावरून साधा पास्ता वाटतो, त्यात कांद्याबरोबर अँचोव्ही मासा असतो. तांदूळ-मटाराच्या ‘रिझी ए बिझी’त बरेचदा डुकराचं मांस घालतात. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, ही दोन वाक्यं पाठ करा. अंडं चालत नसेल तर ताजा पास्ता टाळा, सुका घ्या. तिरामिसूतही अंडं असतं. पार्मेझान चीजमध्ये दूध विरजवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते कितपत पाळायचं हे तुम्ही ठरवा. टोमॅटो-लसणाची मरिनारा पिझ्झा नावाने घाबरवते, पण त्यात चीजही नसतं आणि मासाही नसतो. तिथल्या छोट्या गुत्त्यांत, ‘बाकारो’त, काउंटरवर मांडलेले चिक्केत्ती म्हणजे दोन घासांचे पदार्थ असतात. बोट दाखवून घ्यायचे. आर्टिचोक या भाजीचे उकडलेले तळवे मिळाले तर सोडू नका. बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लावतात, ती फसवणूक नाही, पद्धत आहे. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकातल्या नळांचं पाणी पिण्याचं असतं.

किरकोळ दोन गोष्टी. २०२४ पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेतं. सप्टेंबरअखेर तुम्हाला ते लागू नये. मुक्कामाला असणाऱ्यांना माफ असतं, त्यांच्याकडून हॉटेलच रात्रीचा पर्यटनकर घेतं. आणि चौकात पाणी भरण्याचे दिवस मुख्यतः ऑक्टोबरनंतरचे. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलायचे अडथळे काम करू लागलेत, त्यामुळे मोठं पाणी आता पूर्वीसारखं शहरात शिरत नाही. रियाल्तो पुलावर आणि बोटीत चढताना पर्स पुढे धरा.

तिकिटं आधीच निघाली असतील, हॉटेलं बदलता येत नसतील, तर फ्लोरेन्समधली एक रात्र तशीच रिकामी सोडा आणि छोटी बॅग घेऊन एका रात्रीसाठी व्हेनिसला या. फ्लोरेन्सहून सव्वादोन तास लागतात. सान्ता लुचिया स्थानकावर उतरायचं. मेस्त्रे त्याच्या आधी येतं, तिथे घाईने उतरू नका. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचा, गर्दी निघायच्या बेतात असते. त्या संध्याकाळी गोंडोला आणि एक नंबरची बोट, दुसऱ्या सकाळी सातला सान मार्को आणि मग राजवाडा, दुपारच्या गाडीने परत. तुमचं हॉटेल रद्द होऊ शकतं की नाही आणि मिस्टरांना एका दमात साधारण किती पायऱ्या चढवतात, एवढं कळवा. राहायला नेमका कुठला थांबा बरा पडेल ते मग सांगते.